फायटिंग गेम सापडतो कसा आणि टिकतो कसा: नव्या खेळाडूसाठी सविस्तर मार्गदर्शन

जुलै २०२२मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा 'मल्टिव्हर्सस' हा फुकट फायटिंग गेम सगळ्यांसाठी खुला झाला. बॅटमॅन, बग्ज बनी, शॅगी अशी लहानपणापासून ओळखीची पात्रं त्यात होती. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर एकाच वेळी दीड लाखाहून जास्त लोक तो खेळत होते. मधे जवळपास वर्षभर तो बंद राहिला, मे २०२४मध्ये परत आला आणि ३० मे २०२५ला त्याचं ऑनलाइन खेळणं कायमचं थांबलं.

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' आला २००१ साली, निन्टेंडोच्या गेमक्यूबवर. त्यात ऑनलाइन खेळायची सोयच नव्हती. गेमक्यूबचं उत्पादन कधीच थांबलं, निन्टेंडोनं याच मालिकेतले नवे गेम काढले, तरी मेलीच्या स्पर्धा आजही भरतात. २०१३ साली लास व्हेगासच्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत एका जागेसाठी कोणता गेम घ्यायचा हे कर्करोग संशोधनासाठी जमणाऱ्या देणगीवरून ठरणार होतं. मेलीच्या खेळाडूंनी ९४ हजार डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि ती जागा मिळवली. २०२० साली याच खेळाडूंमधल्या प्रोग्रामरांनी 'स्लिपी' नावाची सोय बनवून या जुन्या गेमला उत्तम ऑनलाइन जोडणी दिली. कंपनीनं न दिलेली गोष्ट खेळणाऱ्यांनी स्वतः उभी केली.

माणूस गेमकडे ओढला जातो त्याचं कारण वेगळं आणि वर्षानुवर्षं टिकतो त्याचं कारण वेगळं. ओढतात ती पात्रं, ग्राफिक्स, एखादी थरारक क्लिप. टिकवतो तो समोरचा माणूस. ज्याची खेळी तुम्हाला पाठ आहे, ज्यानं परवा तुम्हाला हरवलं आणि ज्याला पुढच्या वेळी हरवायचंच आहे असा कुणीतरी मिळाला की गेम सुटत नाही. गेमचं काम एवढंच की तो माणूस तुमच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, आणि हरलात तर का हरलात हे तुम्हाला समजलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

पायरी १: तुम्हाला ओढतंय काय, ते ओळखा

आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या अनेकांची या प्रकाराशी ओळख व्हिडिओ गेम पार्लरमध्ये झाली. तासावर पैसे देऊन प्लेस्टेशनवर 'टेकन ३' खेळायचा, हरला तो उठायचा, मागचा बसायचा. एडी गोर्डो हे पात्र घेऊन नुसती किकची बटणं बडवणारा एक जण प्रत्येक पार्लरमध्ये असायचा आणि त्याला कसं हरवायचं यावर बाकीच्यांचा खल चालायचा. तो खल म्हणजेच फायटिंग गेम. ('मुस्तफा' म्हणून आपण जो खेळायचो तो कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यात सगळे मिळून गुंडांना मारायचं असतं. तो प्रकार वेगळा. इथे समोर माणूस हवा.)

आता पार्लरची जागा यूट्यूबनं घेतली आहे. २००४च्या इव्होमधली एक क्लिप तुम्ही बहुधा पाहिली असेल. 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'. दाइगो उमेहारा या खेळाडूच्या केन या पात्राकडे जेमतेम कणभर आयुष्य उरलंय. समोरच्या जस्टिन वाँगची चुन-ली सुपर, म्हणजे तिची सगळ्यात मोठी चाल सोडते, लाथांचे १५ फटके. नुसते ब्लॉक केले तरी त्याच्या झिजेनं केन मरणार. दाइगो पंधराच्या पंधरा फटके पॅरी करतो, म्हणजे प्रत्येक फटका अंगाला लागण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढे ढकलतो, आणि उलट कॉम्बो, म्हणजे एकात एक गुंफलेले फटके, मारून जिंकतो. त्या एका क्लिपनं जगभरातून किती लोक या खेळात आणले असतील याची गणतीच नाही.

तुम्हाला कशानं ओढलं ते स्वतःशी स्पष्ट करा. एखादं पात्र आवडलं, मित्र खेळतो म्हणून, की क्लिप पाहून? पात्र आवडलं असेल तर गेम आपोआप ठरतो. मित्र खेळत असेल तर डोळे मिटून तोच गेम घ्या, पुढची पायरी वाचायचीही गरज नाही. नुसती क्लिप पाहून आला असाल तर जरा थांबा. पाहायला सुंदर आणि खेळायला आवडणारा हे बऱ्याचदा दोन वेगळे गेम असतात.

पायरी २: गेम निवडण्याआधी प्रतिस्पर्धी मोजा

इथे लोक चुकतात ते 'सगळ्यात चांगला गेम कोणता' हा प्रश्न विचारून. विचारायचं ते असं: रात्री नऊ वाजता मी माझ्या घरून मॅच शोधली तर किती वेळात, किती अंतरावरचा आणि साधारण माझ्याच ताकदीचा माणूस मिळेल?

आज भारतातून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी दोनच नावं सांगेन. 'स्ट्रीट फायटर ६', जून २०२३चा, आणि 'टेकन ८', जानेवारी २०२४चा. दोन्हींमध्ये क्रॉसप्ले आहे, म्हणजे तुम्ही पीसीवर आणि समोरचा पीएस५वर असला तरी मॅच लागते. खेळाडू कमी असलेल्या देशात या एका सोयीचं मोल फार आहे. दोन्हींचे डेमो फुकट मिळतात. आधी ते उतरवा.

दोघांपैकी कोणता? स्ट्रीट फायटर ६ समोरासमोरच्या एका रेषेत चालतो आणि सुरुवातीला त्यात १८ पात्रं होती. टेकन ८मध्ये तुम्ही बाजूलाही सरकू शकता, सुरुवातीलाच ३२ पात्रं होती आणि प्रत्येकाच्या चाली शंभरच्या वर. टेकनमध्ये पहिल्या दिवसापासून बटणं दाबून काहीतरी भारी घडतं, म्हणून तो हातात लगेच बसतो. पण समोरच्याच्या शंभर चालींपैकी कोणती वरून, कोणती खालून, कोणतीनंतर आपली पाळी हे कळेपर्यंत महिनेच्या महिने जातात. स्ट्रीट फायटर पहिले दोन आठवडे जड जातो, पण का हरलो हे त्यात लवकर कळतं. नव्या माणसानं गेम सोडू नये असं वाटत असेल तर माझं मत स्ट्रीट फायटर ६च्या बाजूनं आहे. मात्र तुमच्या शहरातला गट टेकनचा असेल तर टेकनच.

छोट्या गेमांवर प्रेम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कमी खेळाडूंचा गेम वाईट नसतो. थर्ड स्ट्राइक १९९९चा आहे, जुने गेम ऑनलाइन खेळायच्या 'फाइटकेड' या सोयीवर तो रोज खेळला जातो आणि २०२४च्या इव्होमध्ये तो मुख्य यादीत होता. पण अशा गेममध्ये भेटणारे बहुतेक जण तो पंधरा-वीस वर्षं खेळत आलेले असतात. तिथे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर जाऊन 'मी नवा आहे, कुणी शिकवेल का' असं विचारायची तयारी हवी. विचारलंत तर लोक मनापासून शिकवतात, कारण त्यांनाही नवा माणूस हवा असतो.

पायरी ३: जोडणी

फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो. एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. ऑनलाइन खेळताना समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि हा फरक कसा भरून काढायचा यावर कित्येक गेम जगले किंवा मेले.

जुनी पद्धत अशी होती की दोघांची बटणं उशिरानं लागू करायची. इंटरनेट हललं की खेळ चिखलात चालल्यासारखा व्हायचा, सराव केलेला कॉम्बो ऑनलाइन निसटायचा. दुसरी पद्धत रोलबॅक. गेम समोरच्याच्या पुढच्या बटणाचा अंदाज बांधून न थांबता चालत राहतो. अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन दुरुस्ती करतो, आणि हे इतक्या झटपट होतं की चांगल्या जोडणीत कळतही नाही. टोनी कॅनन यांनी 'स्ट्रीट फायटर २'च्या ऑनलाइन आवृत्तीवर वैतागून 'जीजीपीओ' नावाचं रोलबॅक बनवलं आणि २०१९मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. कॅनन हे इव्होच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे ही सोयसुद्धा खेळणाऱ्यांकडूनच आली. कुठलाही गेम विकत घेण्याआधी त्यात रोलबॅक आहे का ते बघा. नसेल आणि शेजारी बसून खेळायला कुणी नसेल तर तो गेम घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी.

तुमच्या बाजूनं करायचं काम एकच, पण ते करायचंच: वायफाय नको, राउटरपासून लॅनची केबल ओढा. वायफायचा सरासरी पिंग, म्हणजे संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, चांगला दिसतो, पण मधेच एखादा झटका येतो आणि त्या झटक्यात दोघांचीही मॅच बिघडते. अनेक खेळाडू समोर वायफायचं चिन्ह दिसलं की मॅच नाकारतात. पाचशे-हजार रुपयांत मिळणारी लांब केबल महागड्या कंट्रोलरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कंट्रोलरबद्दल थोडक्यात. जे हाताशी आहे त्यावर सुरू करा. कीबोर्डवर खेळणारे खूप आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. साधा पॅड चालतो. आर्केड स्टिक किंवा लेव्हरलेस (दांड्याऐवजी नुसती बटणं असलेला कंट्रोलर) हे पहिल्या सहा महिन्यांत घेण्याची गरज नाही.

पायरी ४: पात्र निवडा आणि त्याला चिकटून राहा

ताकदीची यादी बघून पात्र निवडू नका. त्या याद्या वरच्या पातळीच्या खेळाडूंसाठी असतात आणि दर अपडेटला बदलतात. जो दिसायला, चालायला, मारायला तुम्हाला आवडतो तो घ्या. पाचशे मॅच हरल्यावरही त्याचं तोंड बघावंसं वाटलं पाहिजे.

फक्त त्याची जात समजून घ्या. स्ट्रीट फायटरमधले र्यू किंवा केन लांबून हादोकेन (ऊर्जेचा गोळा) टाकतात, उडी मारून येणाऱ्याला शोर्युकेननं (वर झेपावणाऱ्या ठोशानं) पाडतात. त्यांच्याबरोबर खेळाचं व्याकरण शिकता येतं. गाईलसारखा पात्र मागे दाबून ताकद साठवतो आणि धीर मागतो. झांगीफला जवळ जायचं असतं. जाईपर्यंत मार खावा लागतो, पण एकदा पकडलं की सगळं वसूल होतं. धालसिम, १९९१पासूनचा आपला योगी, लांब हातापायांनी अख्खा पडदा अडवतो, पण त्याच्या चाली बाकी कुणासारख्याच नसल्यानं पहिला गेम म्हणून तो अवघड जातो. तुमचा स्वभाव यात कुठे बसतो ते दोन-तीन संध्याकाळी खेळून कळेल. धीराच्या माणसाला गाईलच आवडतो असंही नाही. कॉलेजात सगळ्यात शांत असलेली मुलं या खेळात अंगावर धावून येताना मी पाहिली आहेत.

स्ट्रीट फायटर ६मध्ये 'मॉडर्न' कंट्रोल आहेत: अवघड चाल एका बटणानं येते, बदल्यात अशा थेट मारलेल्या खास चालीचं नुकसान २० टक्के कमी. टेकन ८मध्ये 'स्पेशल स्टाइल' आहे. हे वापरणं म्हणजे फसवणूक असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. हात अडखळत नसले की डोकं समोरच्याकडे लक्ष देऊ शकतं, आणि खेळ तिथेच आहे. मात्र एकदा ठरवलं की तीन महिने पात्रही बदलू नका आणि कंट्रोलचा प्रकारही. हरल्यावर पात्र बदलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तसं केलं की आपण हरलो का, याचं उत्तर शोधायचं राहून जातं.

पायरी ५: पहिला महिना, सरावाच्या खोलीत काय करायचं

बहुतेक नवे लोक पहिल्या आठवड्यात यूट्यूबवरून २० फटक्यांचा कॉम्बो घोकतात आणि मॅचमध्ये तो मारायची संधीच मिळत नाही म्हणून कंटाळतात. पहिल्या महिन्यात मला चारच गोष्टी पुरेशा वाटतात: उडी मारून येणाऱ्याला पाडणं, चुकलेल्या चालीला शिक्षा देणं, एक छोटा भरवशाचा कॉम्बो, आणि समोरच्याचं एक मोठं हत्यार निष्प्रभ करणं.

शेवटचं उदाहरण घेऊन पद्धत सांगतो, कारण एकदा ती कळली की बाकी सगळं तुम्ही स्वतः शिकाल. स्ट्रीट फायटर ६मध्ये नव्या खेळाडूला सगळ्यात जास्त रडवतं ते ड्राइव्ह इम्पॅक्ट. समोरचा रंगांचा फवारा उडवत येतो, तुमचे दोन फटके गिळतो आणि तुम्हाला उडवतो. कोपऱ्यात असाल तर ब्लॉक करूनही भिंतीवर आदळता. खूप जण इथेच गेम सोडतात. पण आकडे बघा: ही चाल लागायला २६ फ्रेम लागतात, म्हणजे ०.४३ सेकंद. डोळ्यानं पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे पाहून उत्तर देणं शक्य आहे, आणि उत्तर म्हणजे तुमचा स्वतःचा ड्राइव्ह इम्पॅक्ट. उशिरा मारलेला जिंकतो.

आता ट्रेनिंग मोडमध्ये जा. समोरच्या डमीला रेकॉर्डवर लावा. पहिल्या खणात ड्राइव्ह इम्पॅक्ट, दुसऱ्यात नुसता पुढे चालून एक ठोसा, तिसऱ्यात उडी. तिन्ही यादृच्छिक क्रमानं चालू करा. तुम्ही तुमचा नेहमीचा खेळ खेळत राहा आणि इम्पॅक्ट आला की उत्तर द्या. रोज दहा मिनिटं. फक्त इम्पॅक्टच रेकॉर्ड केलात तर काहीच शिकणार नाही, कारण मॅचमध्ये तुम्ही त्याची वाट पाहत बसलेले नसता.

शिक्षा देण्याचं गणितही असंच सोपं आहे. टेकनमध्ये समोरच्याची एखादी चाल ब्लॉक केल्यावर तो १२ फ्रेम मागे पडत असेल, म्हणजे तुमच्यापेक्षा १२ फ्रेम उशिरा मोकळा होत असेल, आणि तुमचा साधा ठोसा १० फ्रेममध्ये लागत असेल, तर तो ठोसा त्याला लागणारच. तो काहीही करू शकत नाही. १५ किंवा जास्त फ्रेम मागे असेल तर बहुतेक पात्रांना त्याला हवेत उडवून पूर्ण कॉम्बो मारता येतो. सगळ्या पात्रांचे आकडे पाठ करू नका. जी चाल तुम्हाला आज रात्री तीनदा लागली तेवढीच शोधा. टेकन ८मध्ये रिप्ले बघता बघता थांबवून तिथूनच स्वतः खेळायला लागता येतं. हरलेल्या क्षणात परत शिरून तोच प्रसंग वेगळ्या उत्तरानं खेळून पाहण्यासारखी शिकवण दुसरी नाही. स्ट्रीट फायटर ६मध्ये फ्रेम मीटर आहे. पट्टीवर रंगानंच कळतं की आता पाळी कुणाची.

पायरी ६: हार

या प्रकारात टीम नाही. क्रिकेटमध्ये एक कॅच सुटला तर दहा जण असतात. इथे हरलो म्हणजे मीच हरलो. म्हणून लोक सोडून जातात, आणि म्हणूनच राहणारे इतके घट्ट राहतात.

रँकचं काय करायचं? स्ट्रीट फायटर ६मध्ये रूकीपासून मास्टरपर्यंत शिडी आहे आणि प्रत्येक पात्राची रँक वेगळी. आपल्या ताकदीचा माणूस शोधून देणं हे तिचं काम, आणि ते ती चोख करते. पण रोजच्या खेळाचं माप म्हणून ती वाईट आहे. सलग तीन मॅच हरलात की रँक बंद करा, हा नियम आधीच ठरवून ठेवा. चौथी मॅच आपण शिकण्यासाठी खेळत नसतो, गेलेले गुण परत मिळवण्यासाठी खेळतो.

त्याऐवजी लांब सेट खेळा. एकाच माणसाशी, जो आधी पाच किंवा दहा मॅच जिंकेल तो जिंकला. पहिल्या दोन मॅचमध्ये तो काय करतो ते दिसतं, तिसरीत तुम्ही उत्तर शोधता, पाचवीत त्याला कळतं की तुम्हाला कळलंय आणि तो बदलतो. ऑनलाइन रँकमध्ये जास्तीत जास्त तीन मॅच मिळतात, त्यामुळे हा संवाद सुरू होण्याआधीच तुटतो. ज्यांनी कधी लांब सेट खेळलेलाच नाही त्यांना या खेळाची खरी चव लागलेली नाही असं मला मनापासून वाटतं.

सेट संपला की एक ओळ लिहून ठेवा. 'केन धावत येऊन थांबतो तेव्हा मी घाबरून बटण दाबतो.' बस एवढंच. पुढच्या आठवड्याचा सराव त्यातून निघतो.

पायरी ७: जोड शोधा, नसेल तर गट उभा करा

कितीही जोर-बैठका मारल्या तरी तालमीत जोड मिळाल्याशिवाय पैलवान तयार होत नाही. हा खेळ अगदी तसाच आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या शेजारी आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये जपानात फुकुओकाला झालेल्या इव्हो जपानमध्ये टेकन ७ची स्पर्धा लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशनं जिंकली. बाहेरच्या जगाला हे नाव फारसं माहीत नव्हतं. व्हिसाच्या अडचणींतून वाट काढत तो तिथे पोहोचला होता. जिंकल्यावर त्यानं सांगितलं की पाकिस्तानात त्याच्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. अनेकांना ती बढाई वाटली. ऑगस्टमध्ये त्यानं लास व्हेगासची इव्होही जिंकली, अंतिम फेरीत 'नी' नावानं खेळणाऱ्या कोरियाच्या खेळाडूला हरवून. पुढे फेब्रुवारी २०२३मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा आतिफ बटनं जिंकली, तोही पाकिस्तानचाच. मोठे प्रायोजक नव्हते, परदेश प्रवास सोपा नव्हता. होती ती एकमेकांना रोज हरवणारी माणसं, एकाच खोलीत.

वयाची सबबही चालत नाही. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं जिंकलं. तो तेव्हा ४४ वर्षांचा होता. त्याच स्पर्धेत भारताकडूनही दोन खेळाडू उतरले होते.

तर आधी असलेला गट शोधा. डिस्कॉर्डवर गेमचं नाव आणि 'इंडिया' शोधलं की सर्व्हर सापडतात, त्यांत शहरांचे उपगट असतात. तिथे नुसतं वाचत बसू नका. 'पुण्यात आहे, प्लॅटिनम रँक, रात्री दहानंतर केबलवर, पाचचा सेट कुणी खेळणार का' असा नेमका संदेश टाका. ज्याच्याशी खेळायला मजा आली त्याला पुढच्या आठवड्याची वेळ तिथल्या तिथे विचारा. दर गुरुवारी रात्री ठरलेला एक माणूस हा कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा मोठा आधार असतो.

शहरात गट नसेल तर चार माणसांनी सुरू करा. दिवाणखाना, दोन स्क्रीन, दोन मशीन. काही गोष्टी आधी सांभाळा. टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड चालू करा, नाहीतर चित्र उशिरा येतं आणि सगळे खेळावर चिडतात. मॉनिटर असेल तर उत्तमच. प्रत्येकानं आपला कंट्रोलर आणायचा, शक्यतो वायरवर. वायरलेस पॅड मशीनला जोडलेला राहिला आणि त्याचं बटण दुसऱ्याच्या मॅचमध्ये दाबलं गेलं तर मॅच थांबते, म्हणून उठताना तो अनपेअर करायचा, म्हणजे मशीनशी असलेली त्याची जोडणी तोडायची. पीएस५वरच्या टेकन ८ला पीएस४चा साधा कंट्रोलर चालत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर कुणीतरी हिरमुसून बसेल.

स्पर्धेची पद्धत निवडताना नव्या माणसाचा विचार करा. रूढ पद्धत डबल एलिमिनेशनची, दोनदा हरलात की बाहेर. आठ जणांना त्यात १४ किंवा १५ सेट होतात आणि दोन मशीनवर दीड तासात उरकतं. पण नवखा त्यात वीस मिनिटांत दोनदा हरतो आणि उरलेली संध्याकाळ भिंतीला टेकून उभा राहतो. तो परत येत नाही. म्हणून आधी चार-चारचे गट करा, गटात प्रत्येक जण प्रत्येकाशी. गटाला सहा सेट, प्रत्येकाला किमान तीन. मग वरच्या दोघांना एका ब्रॅकेटमध्ये (बाद फेरीच्या तक्त्यात) आणि खालच्या दोघांना दुसऱ्या ब्रॅकेटमध्ये टाका. खालच्या ब्रॅकेटलाही विजेता असतो, त्याचंही नाव जाहीर करा. एक मशीन शेवटपर्यंत स्पर्धेबाहेरच्या मोकळ्या खेळासाठी ठेवता आलं तर ठेवाच. मैत्री त्या मशीनपाशी होते.

जो सगळ्यात भारी आहे त्याच्यावर एक जबाबदारी द्या: दर वेळी एका नव्या माणसाबरोबर अर्धा तास बसायचं. 'हे कसं मारलंस' या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर मिळालं की तो माणूस घरी जाऊन ट्रेनिंग मोड उघडतो. आणि मुली येत असतील तर त्यांच्याशी इतर कुणाशीही खेळावं तसंच खेळा. ऑनलाइन शिवीगाळ करणाऱ्याला गटातून काढायला दुसऱ्यांदा विचार करू नका. एका माणसाला ठेवण्यासाठी पाच जण गमावणारे गट मी पाहिले आहेत.

पायरी ८: अपडेट, नवा भाग आणि मधली सुट्टी

कधी ना कधी अपडेट येईल आणि तुमच्या पात्राची आवडती चाल कमजोर होईल. दोन आठवडे थांबा. पहिल्या दोन दिवसांत इंटरनेटवर जो आक्रोश असतो त्यातला बराचसा पुढे विरतो, कारण लोक नवी वाट शोधतात.

कंपनी गेम अर्धवट बाजारात आणते तेव्हा मात्र खेळाडूंचा राग खरा असतो. फेब्रुवारी २०१६मध्ये स्ट्रीट फायटर ५ आला तेव्हा त्यात एकट्यानं खेळायचा साधा आर्केड मोडही नव्हता. तो यायला जानेवारी २०१८ उजाडलं. स्पर्धेचे खेळाडू राहिले, पण मित्रांबरोबर सहज खेळायला आलेले निघून गेले. स्ट्रीट फायटर ६मध्ये एकट्यासाठी अख्खा 'वर्ल्ड टूर' मोड आणि भटकायला 'बॅटल हब' ही ऑनलाइन जागा दिली, त्यामागे तो धडा आहे असं मी मानतो. म्हणून नवा भाग आला की पहिल्या दिवशी पैसे टाकण्याआधी बघा की तुमचा गट तिकडे जातोय का. गट जुन्यावरच राहणार असेल तर तुम्हीही राहा. गट गेला आणि तुम्हाला नवा आवडला नाही, तर जुना फाइटकेडसारख्या ठिकाणी खेळला जातो का ते शोधा.

सुट्टी घ्यायला घाबरू नका. परीक्षा, नोकरी, घरचं काही, किंवा नुसता कंटाळा. परत याल तेव्हा थेट रँकमध्ये शिरू नका. हात विसरलेले असतात, पण समोरच्याला वाचणं तितकं विसरलेलं नसतं. आधी पंधरा मिनिटं ट्रेनिंग मोडमध्ये जुना छोटा कॉम्बो दोन्ही बाजूंनी मारा, मधल्या काळातल्या अपडेटमध्ये फक्त तुमच्या पात्राचं काय बदललं तेवढं वाचा, आणि गुरुवारच्या त्या जुन्या जोडीला मेसेज करा: आज रात्री दहा विजयांचा सेट खेळणार का?